उरलेला आवाज

तांबट आळीत राहून शांतता विकायला काढणारी बाई म्हणजे ज्योत्स्ना कर्डे. हे पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा आळी पोट धरून हसली. मग तिची कीव करून झाली. आणि तिच्या परसातल्या लाकडी खोलीसमोर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या बॅगा दिसायला लागल्या, तेव्हा आळीने नाकं मुरडली आणि हळूच तसली खोली बसवून देणाऱ्या कंपनीचा नंबर मागून घेतला.

नाशिकच्या जुन्या गावातली ही आळी. एके काळी सकाळ झाली की इथल्या प्रत्येक घरातून तांब्यावर हातोडा पडायचा. आता जेमतेम चार-पाच घरांत ते काम उरलं होतं, आणि त्यात सगळ्यात नेमका हातोडा ज्योत्स्नाच्या नवऱ्याचा, दिगंबरचा. पुढे घर, मध्ये पत्र्याखाली लांबट कारखाना, मागे परस अशी त्यांची जागा. परसात पूर्वी चिंचेच्या पाण्याची पिंपं असायची, धुतलेली घंगाळं उन्हात पालथी पडलेली असायची. पुढे लेक ईश्वरी लग्न होऊन कोइमतूरला गेली, हाताने घडवलेल्या भांड्यांना गिऱ्हाईक कमी झालं, आणि ज्योत्स्नाच्या डोक्यात खोलीचं खूळ शिरलं.

तसं ते खूळ नव्हतंच. पेट्रोलच्या गाड्या गेल्या, विजेच्या आल्या, आता शहरं शांत होतील असं सगळे धरून चालले होते. झालं भलतंच. रस्ता गप्प झाला आणि आभाळ बोलायला लागलं. औषधापासून इडलीच्या पिठापर्यंत जे ते ड्रोनवर बसून यायला लागलं, आणि सकाळी डोळा उघडल्यापासून डोक्यावर ती किरकिर सुरू झाली. डॉक्टर लोकांना शांत जागेत चार दिवस राहून या म्हणून सांगू लागले. पण शांत जागा आणायची कुठून? एका कंपनीने ती बनवायला घेतली. खोली तुमची, भिंतीतली यंत्रणा त्यांची, येणारं भाडं दोघांत.

यंत्रणेमागचं तत्त्व जुनंच होतं. आवाज म्हणजे हवेतली लाट. त्याच मापाची उलटी लाट त्याच क्षणी सोडली की दोन्ही एकमेकींना गिळून टाकतात आणि कानाला काही पोचत नाही. कानावर लावायच्या यंत्रात हे कधीच साधलं होतं, कारण तिथे कानापुरतीच हवा गप्प करायची असते. अख्खी खोली गप्प करायची तर आवाज तिथे पोचायच्या आत त्याचं माप कळायला हवं. ड्रोनची किरकिर एकसुरी असते, तिचं माप सोपं. तांब्यावरचा ठोका मात्र एकदम येतो आणि संपतो. त्यासाठी कंपनीने एक युक्ती केली होती. ज्यावर भांडं अडकवून ठोकतात त्या लोखंडी खरवईच्या बुडाशी नखाएवढा एक कान बसवायचा. ठोका पडला की हवेतून तो खोलीपर्यंत पोचायला पापणी लवण्याइतका वेळ लागतो, तारेतून त्याची खबर त्याआधीच पोचते. तेवढाही वेळ पुरत नाही, म्हणून यंत्र ठोकणाऱ्याचा हातच शिकून घ्यायचं. पुढचा ठोका कधी पडणार, किती जोराचा पडणार, याचा आधीच अंदाज बांधून उलटी लाट तयार ठेवायचं. अंदाज चुकला तर मात्र पंचाईत. मूळ ठोका थोडा उरायचा आणि चुकीची उलटी लाट म्हणजे वर आणखी एक आवाज व्हायचा.

हे सगळं दिगंबरला समजावून सांगितल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला होता.

"म्हणजे लोक पैसे मोजून माझा आवाज न ऐकायला येणार?"

"तुमचा एकट्याचा का? सगळाच आवाज," ज्योत्स्ना म्हणाली.

"बाकीचा शहरभर आहे. परसात तर माझाच येतो."

माणूस मनाला लावून घेणारा होता. बाप, आजा, सगळे याच खरवईवर बसलेले. पण कारखाना चालू ठेवायचा तर दुसरीकडून चार पैसे यायला हवेत, हे त्यालाही कळत होतं. त्याने पिंपं हलवली, घंगाळं माळ्यावर टाकली, आणि खोली झाली.

आणि गंमत अशी, की खोलीचं आकर्षण ठरला तो दिगंबरच. खोलीला कारखान्याच्या बाजूने एक मोठी खिडकी होती. पाहुणे आत बसून बघायचे, तर समोर दहा-बारा पावलांवर एक उघडाबंब माणूस तांब्याच्या हंड्यावर दणादण हातोडा घालतोय आणि आवाज शून्य. लोक खुळावून जायचे. यंत्राला त्याचा हात इतका पाठ झाला होता, की कंपनीचा माणूस फिरोज तडवी पहिल्या तपासणीलाच म्हणाला, "ताई, आमच्या सगळ्या खोल्यांत एवढी गप्प खोली दुसरी नाही. भाऊंचा हात म्हणजे कमाल आहे. इतका सरळ हात आम्हाला कुठे मिळालाच नाही." ज्योत्स्नाने हे नवऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं. तो "हूं" म्हणाला आणि ठोकत राहिला. पण त्या दिवशी जेवताना त्याने भात दुसऱ्यांदा मागून घेतला, एवढं तिने पाहिलं.

अशी दोन वर्षं बरी गेली. कारखान्याचं छप्पर बदलून झालं, तांब्याचा पत्रा रोखीने यायला लागला. मग अहिल्यानगरच्या शोभनाताई मिरीकर राहायला आल्या.

आयुष्यभर मुलींना कथक शिकवून निवृत्त झालेल्या बाई. अंगाने बारीक, बोलायला गोड, चहात साखर चालणार नाही म्हणून दोनदा बजावणाऱ्या. निघायच्या दिवशी बॅग दाराशी ठेवून त्या म्हणाल्या, "ज्योत्स्नाबाई, जेवण उत्तम, खोली स्वच्छ. पण शांतता काही पूर्ण मिळाली नाही हो. मी दोनच तारे दिलेत, राग मानू नका."

तारे घसरले की कंपनी यंत्रणा काढून नेते, हे करारात लिहिलेलं होतं.

"ड्रोनचा आवाज आला का?"

"छे, ड्रोनचा नाही. तुमच्या मिस्टरांचा. सुरुवातीला काही नाही, एकदम निवांत. पण ओळ संपत आली की टिक टिक ऐकू यायला लागतं. ओळीच्या शेवटी ते पळतात."

"पळतात म्हणजे?"

"लय सोडतात. परीक्षेत घाबरलेल्या मुली असंच करतात बघा. पाय लहान पडायला लागतात आणि लय चढत जाते. पण त्या घाबरलेल्या असतात. हे का पळतात, ते मला काही कळलं नाही."

ज्योत्स्नाला मात्र लगेच कळलं. निदान तिला तसं वाटलं. भांडं मठारताना, म्हणजे ठोकून त्याला घट्टपणा आणि झळाळी आणताना, ठोक्यांची ओळ घ्यायची असते, हंड्याच्या अंगाभोवती एक पूर्ण फेरी, प्रत्येक ठोक्याची चकती आधीच्या चकतीला लागून. ओळ एकदा सुरू केली की आळीतला कुठलाच तांबट ती अर्ध्यात सोडत नाही. दारात जावई आला तरी त्याला ओळ संपेपर्यंत उभं राहावं लागतं, आणि जावयालाही ते माहीत असतं. अशी एकेक ओळ जीव लावून टाकणारा माणूस शेवटाला घाई कशाला करेल? खोलीत आवाज जावा म्हणूनच. दुसरं काय कारण असणार?

तिने दोन दिवस मनात धरून ठेवलं. तेवढ्यात आणखी एका पाहुण्याने तीच कुरकुर केली, आणि मग तिला राहवलं नाही. ती तशीच कारखान्यात गेली. दिगंबर एका हॉटेलसाठी हंडा मठारत होता.

"ही खोली तुम्हाला पहिल्यापासून नकोच होती ना?" ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. ओळ चालू होती.

"नको होती तर तोंडाने बोलायचं. असं शेवटाला मुद्दाम वेडंवाकडं ठोकून पाहुण्यांच्या कानाशी खेळायचं नाही. तुमचा आवाज कोणी ऐकत नाही याचं तुम्हाला दुःख आहे, मला कळत नाही का? पण त्या खोलीवर हा कारखाना उभा आहे. माझ्या दोन वर्षांच्या कष्टावर असं पाणी ओतू नका."

हातोडा थांबला. ओळ अर्धी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने त्याला अर्ध्या ओळीत थांबलेलं पाहिलं नव्हतं.

"मी मुद्दाम काही केलेलं नाही," तो म्हणाला.

"मग काय ती खोली खोटं बोलते?"

"खोलीलाच विचार." त्याने हातोडा खाली ठेवला आणि तो पुढच्या घरात निघून गेला.

पुढचे काही दिवस त्या घरात बोलणं म्हणजे "भाजी वाढू?" आणि "पुरे" एवढंच होतं. दिगंबरने हातोड्याला हात लावला नाही. आणि झालं काय, तर त्या आठवड्यात आलेलं ठाण्याचं जोडपं तक्रार करायला लागलं की आम्हाला तो न ऐकू येणारा तांबट बघायचा होता, तो कुठे आहे? ज्योत्स्नाने कपाळावर हात मारला. ठोकलं तरी तक्रार, नाही ठोकलं तरी तक्रार. तिने तडवीला फोन लावला.

तडवी आला. खरवईच्या बुडातला कान तपासला, तारा तपासल्या, भिंतीतले आवाज सोडणारे पडदे एकेक वाजवून पाहिले. मग दिगंबरपाशी जाऊन म्हणाला, "भाऊ, जरा एक-दोन ओळी टाकता का? मला बघायचंय."

"कशाला? पुन्हा पळालो म्हणाल."

"मी काही म्हणणार नाही. टाका तर खरं."

दिगंबर नाइलाजाने बसला. तडवी खोलीत गेला, हातातल्या पाटीवर उमटणाऱ्या रेघा बराच वेळ बघत राहिला, आणि बाहेर आला तो वेगळाच चेहरा घेऊन. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, यंत्र ठणठणीत आहे."

"मग हेच मुद्दाम करतात ना?"

तडवी घुटमळला. "यंत्राला माणसाविषयी जे कळतं, त्यावर आम्ही काही बोलायचं नाही, असा नियम आहे आमच्याकडे. नोकरी जाते. पण खोली तुमची आहे. तुम्ही आत बसून बघा ना. काम चालू असताना कधी बसलाय आत?"

नव्हती बसली. ही गोष्ट तिलाही तेव्हाच जाणवली. पाहुणे गेल्यावर केर काढायला, चादरी बदलायला ती शंभर वेळा आत गेली होती. पण काम चालू असताना खुर्चीत बसून बघायला तिला वेळ कुठला? शिवाय बघायचं काय त्यात? तो आवाज तर ती स्वयंपाकघरातूनही ओळखायची. हंडा चाललाय की तांब्या, पत्रा जाड आहे की पातळ, नवऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, सगळं तिला ठोक्यावरून कळायचं.

ती आत जाऊन खिडकीसमोर बसली. दार लागलं, आणि जग बंद झालं. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. समोर दिगंबर नवी ओळ सुरू करत होता.

पहिला ठोका खांद्यातून आला. हातोडा कानापर्यंत वर गेला आणि खाली आला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. आवाज नसल्यामुळे तिला पहिल्यांदाच नुसता हात दिसत होता. तीस वर्षं तिने हा हात कानांनी पाहिला होता. ठोका कानावर पडला की हात ठीक आहे असं धरून ती पुढच्या कामाला लागायची. आता कानाला काही नव्हतं, तेव्हा डोळ्यांना बघावंच लागलं.

ओळ अर्ध्यावर आली आणि हातोडा कानापर्यंत जाईना. आधी हनुवटीपर्यंत, मग छातीपर्यंत. ठोके जवळ जवळ पडू लागले. खोलीत बारीक टिक टिक उमटायला लागली, यंत्राच्या अंदाजातून निसटलेला, उरलेला आवाज. शेवटचे ठोके तर नुसत्या मनगटाचे होते. आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तिथे राग नव्हता, खोडसाळपणा नव्हता. ओठ घट्ट मिटून, भुवया आवळून तो जीव तोडून ठोकत होता. आपला हात लहान पडतोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. ओळ संपली. त्याने हातोडा ठेवला आणि हात मांडीवर टेकला. तिथे तो अंगठा आपला आपण अगदी बारीक हलत होता, कणकेची गोळी वळावी तसा.

आळीतल्या एका म्हाताऱ्याला कंपवात होता. त्याचा अंगठा तिने पाहिला होता.

ज्योत्स्ना त्या गप्प खोलीत मोठ्याने रडली, आणि बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही. मग तोंड पुसून बाहेर आली, तडवीकडे पाहून तिने नुसते हात जोडले, आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उठा. दवाखान्यात जायचंय."

"कोणाला काय झालं?"

"माझं चुकलं. तुम्ही मुद्दाम काही करत नव्हतात. बाकीचं वाटेत सांगते, आधी सदरा घाला."

मेंदूच्या डॉक्टर वयाने त्यांच्या ईश्वरीएवढ्याच होत्या. त्यांनी दिगंबरला अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर आपटायला लावलं, भराभर, थांबायचं नाही. आधी बोट छान उघडत होतं, मग चिमटीएवढं, मग नुसतं थरथरत राहिलं. दिगंबर स्वतःच्या बोटाकडे परक्याच्या बोटाकडे बघावं तसा बघत होता.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी दोघांना बसवून नीट सांगितलं. मेंदूच्या तळाशी काही पेशी असतात. पुन्हा पुन्हा करायची हालचाल, म्हणजे चालणं, लिहिणं, ठोकणं, तिचं माप आणि लय सांभाळायला लागणारं द्रव्य त्या पुरवतात. कंपवातात त्या पेशी मरत जातात. हात उघड उघड कापायला लागतो तोवर निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. म्हणून हा आजार कायम उशिराच सापडत आला. आता उरलेल्या पेशी जपणारं औषध निघालं होतं, पण जपायला पेशी उरलेल्या तर हव्यात.

"तुमच्याकडे बऱ्याच उरल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "इतक्या लवकर माझ्याकडे कोणी येतच नाही. तुम्हाला कोणी पाठवलं?"

दिगंबरने बायकोकडे पाहिलं. "आमच्या परसातल्या खोलीनं," तो म्हणाला.

घरी आल्यावर ज्योत्स्नाने आधी देवापुढे साखर ठेवली आणि लगेच शोभनाताईंना फोन केला. सगळं सांगितलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही दोन तारे दिलेत तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हाला फार वाईट बोलले होते."

"बोलणारच की," पलीकडून उत्तर आलं. "मी असते तर तोंडावर बोलले असते."

"तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"अहो उपकार कसले, मी पैसे परत मागणार होते." बाई हसल्या. "त्यांना सांभाळा. आणि तुम्हीही जेवत जा वेळेवर."

फोन ठेवल्यावर ज्योत्स्नाला इतकं हलकं वाटलं, की तिने नको असताना चार माणसांचा शिरा केला. दिगंबरने तो सगळा खाल्ला.

औषधाने आपलं काम केलं. आजार होता तिथेच थांबला. पण गेलेलं परत आलं नाही. ओळीच्या शेवटी हात लहान पडायचा तो पडतच राहिला, आणि आता ते दिगंबरला कळत होतं. त्याने हॉटेलचा हंडा उन्हात धरून फिरवून पाहिला. प्रत्येक ओळीच्या टोकाला चकत्या बारीक होत गेलेल्या होत्या. त्याने तो हंडा भंगारात टाकला आणि हातोडे तेल लावून फडक्यात गुंडाळले.

"कर्ड्यांच्या घरातून असला माल बाहेर जायचा नाही," तो म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला.

हे ज्योत्स्नाला आजारापेक्षा जड गेलं. हात वाचला होता आणि माणूस ओट्यावर बसून संपत चालला होता. तिने डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या की अशा रोग्यांना बाहेरून ठेका मिळाला की हालचाल सुधारते. आतली लय डगमगते, पण कान शाबूत असतो, आणि कानाने धरलेल्या लयीवर हात दुसऱ्या वाटेने चालतो. पाऊल उचलत नाही अशी माणसं ठेक्यावर चालताना त्यांनी पाहिली होती. ज्योत्स्नाने फोनवर ठेका लावून नवऱ्यापुढे ठेवला. त्याने तो क्षणभर ऐकला आणि बंद केला.

"हा काय ठोका झाला? याला ना जीव, ना वळण. असल्याच्या मागे ठोकायला मी शिकाऊ नाही."

रागावून ती परसात आली, खोलीच्या पायरीवर बसली, आणि बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की आपण कशाला टेकून बसलोय. तिने तिथूनच तडवीला फोन लावला.

"खोलीला यांचा हात पाठ आहे ना? आधीचा, चांगला असतानाचा?"

"आहे ना ताई. दोन्ही वर्षांचा."

"मग तिला तो वाजवता येईल?"

तडवी विचार करून बोलला. पाठ केलेला हात खोलीबाहेर नेता येणार नाही, तो यंत्रातच राहतो. पण यंत्र उलटी लाट सोडतं तशी सरळही सोडू शकतं. पडदे काढून त्यांची तोंडं कारखान्याकडे करावी लागतील. "फक्त मग खोली गप्प राहणार नाही ताई. पाहुणे ठेवता येणार नाहीत. आणि तुमचं तर दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत सगळं भरलंय."

"ते मी बघते. तुम्ही कंपनीला विचारून या."

परवानगी मिळायला आठवडा गेला. तेवढ्या दिवसांत तिने एकेका पाहुण्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. याच खोलीसाठी ती नवऱ्याला नाही नाही ते बोलली होती. आता तीच रिकामी करताना तिला जराही जड गेलं नाही. दिगंबरने मात्र ओट्यावरून सगळं ऐकलं होतं.

"आणि खोलीचं काय?" त्याने विचारलं.

"तिनं दिलं तेवढं कुठल्या खोलीनं कोणाला दिलं नसेल," ज्योत्स्ना म्हणाली. "आता आणखी किती मागू तिच्याकडे? राहू दे रिकामी."

पडदे फिरवून तडवी गेला. सकाळची वेळ होती, आळीत दूध आलं होतं. ज्योत्स्नाने दिगंबरला कारखान्यात आणून खरवईसमोर बसवलं. हातोडे तिने आधीच फडक्यातून काढून ठेवले होते.

"एक ठोका ऐकवते. आवडला नाही तर उठून जा."

तिने खोलीत जाऊन यंत्र सुरू केलं आणि परत येऊन खांबाला टेकून उभी राहिली. परसातून ठोके यायला लागले. स्वच्छ, गोल, तांब्याच्या अंगावरून फिरत जाणारे. दिगंबरने सवयीने मान तिरकी केली.

"कोणाचा आहे हा?"

"तुम्ही सांगा कसा आहे."

तो ऐकत राहिला. बसल्या जागेवरून माणूस आपला ठोका जसा ऐकतो, तसा तो दुरून ऐकू येत नाही, त्यामुळे त्याला ओळख पटली नाही. पण पारख काही सुटली नव्हती.

"हात बरा आहे. शिकवणारा चांगला मिळालाय. घाई नाही. शेवटच्या ठोक्यालाही पहिल्याइतकाच मान देतो."

"आणखी?"

"जरासा गर्विष्ठ आहे. वळणावर उगाच जोर जास्त देतो, बघा मला किती येतं म्हणून. आणि मनाला लावून घेणारा असणार. कोणी बोललेलं विसरत नसेल."

ज्योत्स्ना हसायला लागली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

"अगदी बरोबर ओळखलंत," ती म्हणाली. "तसाच आहे तो. तीस वर्षं संसार केलाय मी त्याच्याशी."

दिगंबर परसाकडे बघत राहिला. एक ओळ संपली, दुसरी सुरू झाली. मग त्याने खरवईवर कोरा हंडा चढवला, हातोडा उचलून कानापर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला. परसातला तो आणि खरवईवरचा हा, पुढचा ठोका त्या दोघांनी मिळून टाकला.